चार चुली, तीन फेज

विजेच्या बिलावर आपण शेवटचा आकडा बघतो आणि बिल ड्रॉवरमध्ये टाकतो. त्याच बिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे घराने एका वेळी किती वीज ओढायची त्याचा आकडा, असा एक रकाना असतो, तो फारसा कुणी वाचत नाही. आमच्या बिलावर तिथे ३ किलोवॅट होतं. आणि जर्मनीहून सामानाबरोबर आलेल्या कुकिंग रेंजच्या मागच्या पट्टीवर होतं ९.६ किलोवॅट. पुढचा सगळा उद्योग या दोन आकड्यांनी लावून दिला.

धाकटे भाऊजी आणि जाऊबाई बरीच वर्षं तिकडे राहून कायमचे कोल्हापूरला परतले. सोफा, कपाटं तिकडेच विकून टाकली, पण जाऊबाईंना रेंज सोडवेना. वर काळ्या काचेचा सपाट पाट, त्याखाली चार बर्नर, पोटात ओव्हन. हे इंडक्शन नव्हे, हे आधीच सांगते, कारण घरी येणारा प्रत्येक जण तेच धरून चालतो. इंडक्शनमध्ये भांडंच तापतं आणि त्याला चुंबक चिकटेल असं बूड लागतं. इथे काचेखालची कॉइल लाल होते, तिच्यामुळे काच तापते आणि काचेमुळे भांडं. म्हणून स्टील, तांबं काहीही चालतं, बूड सपाट असलं की झालं. पण म्हणूनच बटण बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देण्याइतकी गरम राहते. हिच्याबद्दलची निम्मी काळजी त्या एका गोष्टीतून निघते. उरलेली निम्मी भिंतीच्या आत असते, आणि ती स्वयंपाकाला लागण्यापूर्वीच घ्यावी लागते.

आमच्या घरचं फिटिंग सासऱ्यांच्या काळापासून एकाच वायरमनकडे आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी रेंज ओढून फिरवली, मागचं छोटं झाकण स्क्रू काढून उघडलं आणि चष्मा कपाळावर सारून बराच वेळ आत बघत बसले. आत एका ओळीत पितळी स्क्रू होते आणि काही स्क्रूंना जोडणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या पितळी पट्ट्या. झाकणाच्या आतल्या बाजूला तीन चित्रं छापलेली. पट्ट्या एका तऱ्हेने बसवल्या की सगळी रेंज एका फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या एकाच तारेवर चालते, दुसऱ्या तऱ्हेने बसवल्या की तीन फेजवर वाटली जाते. जर्मन अक्षरं अण्णांना येत नव्हती, पण चित्र त्यांनी माझ्याआधी वाचलं.

मग हिशेब. ९६०० वॅटला २३० व्होल्टने भागलं की जवळजवळ ४२ अँपिअर येतात. गीझर, पंप, फ्रिज याच्याशिवाय. “वैनी, एका फेजवर एवढं घेतलं तर स्विच सोडा, आतली वायरच भाजंल,” अण्णा म्हणाले. तीन फेजवर मात्र गणित सुटतं. एका फेजवर २.२ आणि १.२ किलोवॅटचे दोन बर्नर, दुसऱ्यावर १.८ आणि १.२ चे, तिसऱ्यावर ३.२ किलोवॅटचा ओव्हन. कुठल्याच फेजवर १५ अँपिअरच्या पुढे जात नाही.

भार वाढवून थ्री फेज मीटर घेण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ऑनलाइन अर्ज, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, वाढीव अनामत. दर महिन्याचा स्थिर आकार वाढतो, तेवढा मनात धरून ठेवावा.

खरं काम ओट्यामागच्या भिंतीत झालं. ग्राइंडरने झिरी मारली तेव्हा स्वयंपाकघरभर लाल धुरळा, आणि आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, देवघराचं दार बंद करून आत. अण्णांनी ४ चौरस मिलिमीटरची पाच कोअरची तांब्याची केबल घातली: तीन फेज, एक न्यूट्रल म्हणजे परतीची तार, एक अर्थ. अडीचचीही चालली असती, पण केबल पाइपातून, पाइप भिंतीतून, आणि ती भिंत एप्रिलात उन्हाने तापणारी. वायरला स्वतःची गरमी बाहेर टाकायला जागा मिळत नाही, म्हणून एक माप जाड. इथे पैसे वाचवायला जाऊ नये असं माझंही मत झालं आहे. प्लगचा तर प्रश्नच नाही. गीझरचा १६ अँपिअरचा सॉकेट साडेतीन किलोवॅटच्या आसपास थकतो. रेंज थेट केबलला जोडतात.

रेंजचा स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, अण्णांनी ओट्यावर न बसवता स्वयंपाकघराच्या दाराशी बसवला. मी म्हटलं, तिथे कशाला, लांब पडतो. तर म्हणाले, “कढईनं पेट घेतला तर तिच्यावरनं हात घालून स्विच बंद करणार व्हय तुम्ही?” त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. एमसीबी वायरला सांभाळतो आणि आरसीसीबी माणसाला, हा फरक आमच्याकडे आता चौथीतल्या पुतणीलाही ठाऊक आहे. परसातलं जुनं अर्थिंग सुकून गेलं होतं, तिथे नवा पाइप पुरला, कोळसा आणि मीठ भरलं. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून तांब्याभर पाणी ओतायचं काम आत्यांनी तुळशीच्या पाण्याबरोबर आपणहून घेतलं.

एवढं सगळं होऊन आषाढ लागला. राधानगरीचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या सुरू होत्या, कपडे वाळत नव्हते. चारही बर्नर एकेक करून लावले, छान लाल झाले. ओव्हनचं बटण फिरवलं आणि खट्. आरसीसीबी पडला. वर केला, पुन्हा ओव्हन, पुन्हा खट्.

या टप्प्यावर गल्लीतल्या सगळ्यांनी सल्ले दिले. एका ओळखीच्या दुकानदाराने तर आरसीसीबी काढून थेट जोडा, बाहेरच्या वस्तूंना तो सोसत नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि पिशवीतून हँडल फिरवायचा जुना मेगर काढला. वीज कुठे गळते का ते तपासायचं हे यंत्र. ओव्हनच्या हीटरची दोन्ही टोकं सोडवली, एक तार टोकाला, दुसरी पत्र्याला, आणि हँडल गरागरा फिरवलं. काटा शून्याच्या जवळच थरथरत राहिला. ५०० व्होल्टला निदान १ मेगाओहम तरी दाखवायला हवं होतं.

कारण साधं आहे, पण मला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. ओव्हनचा हीटर म्हणजे वाकवलेली धातूची नळी. तिच्या मधोमध नायक्रोमची तार, आणि तार नळीला लागू नये म्हणून सभोवार मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली. ही पूड कोरडी असते तोवर वीज अडवते आणि उष्णता मात्र बाहेर जाऊ देते. पण ती हवेतला ओलावा ओढते. रेंज आधी जहाजावर, मग बंदरात, मग आमच्या जिन्याखाली पावसाळी हवेत पडून होती. टोकांच्या बुचांतून ओल आत शिरली, आणि थोडी वीज पुडीतून पत्र्यावर येऊ लागली. आरसीसीबी नेमका त्याचसाठी असतो. तो काढून टाकला असता तर ओव्हन चालला असता, आणि ओल्या पायाने ओव्हनच्या दाराला हात लावणारीला ते कळलं असतं.

हीटर वाळवायचा कुठे? ऊन नाही, आणि असतं तरी उन्हाने ही ओल जात नाही. अण्णांनी तो सोडवून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आम्ही गेलो शिवाजी उद्यमनगरात, त्यांच्या ओळखीच्या पावडर कोटिंगच्या भट्टीवर. तिथे गेटच्या ग्रिल आणि सायकलचे सांगाडे आकड्यांना टांगलेले होते. भट्टीवाल्याने आमची नळी उलटसुलट करून बघितली. “ही कुठली जिलबी आणलीसा?” ऐकल्यावर मात्र त्याने ती तारेने बांधून एका कोपऱ्यात टांगली, बुचं जळू नयेत म्हणून भट्टी दीडशे अंशांच्या आसपास ठेवली आणि दुपारपर्यंत चहा पाजत बसवून घेतलं. पैसे घेतले नाहीत. उद्यमनगरात कुणाचं काय बिघडलंय हे कळलं की ते दुरुस्त झाल्याशिवाय माणसाला सोडत नाहीत.

घरी येऊन पुन्हा मेगर. काटा वीसच्या पुढे गेला. हीटर बसवला, ओव्हन लावला, आरसीसीबी जागचा हलला नाही. तेव्हापासून पावसाळ्यात ओव्हन वापरायचा नसला तरी आठवड्यातून एकदा पाऊण तास रिकामा तापवायचा असा नियम आहे. नवी रेंज असेल तर पहिल्यांदा तापवताना पत्र्याचा वास येतो, खिडकी उघडी ठेवावी.

आता वर. काचेवर चार ठिपके आहेत, एकेका बर्नरचा एकेक. बर्नर गरम आहे तोवर तो ठिपका लाल राहतो, बटण बंद असलं तरी. आत्यांना हे पटायला वेळ लागला. गॅस बंद म्हणजे जाळ बंद, जाळ दिसत नाही म्हणजे हात टेकायला हरकत नाही, हा साठ वर्षांचा सराव. इथे कॉइल काळी पडते, काच पहिल्यासारखी काळी दिसते, आणि तीवर पोह्याचा डबा ठेवावासा वाटतो, कारण ती ओट्यासारखीच सपाट आहे. म्हणून आमच्याकडे नियम एकच: काचेवर भांड्याशिवाय काही ठेवायचं नाही, रेंज बंद असली तरी. फडकं नाही, उलथनं नाही, प्लास्टिकचं झाकण तर नाहीच. रात्री झोपताना दाराजवळचा एमसीबी खाली. म्हणजे लहान मुलाने येता-जाता बटण फिरवलं तरी काही होत नाही.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगते. ओव्हनचं दार खाली उघडतं आणि पुढे येऊन आडवं होतं. त्यावर पोर चढून उभं राहिलं तर अख्खी रेंज पुढे कलंडू शकते, वरच्या उकळत्या पातेल्यासकट. जाऊबाईंनी तिकडून आणलेल्या सामानात मागून भिंतीला जखडायची लोखंडी पट्टी होती. गवंड्याला ती बिनकामाची वाटत होती. आधी ती बसवून घेतली, मग त्याचे पैसे दिले.

भांड्यांची छाननी हा एक वेगळाच सोहळा झाला. जाऊबाई स्टीलची पट्टी घेऊन बसल्या. भांडं पालथं करायचं, बुडावर पट्टी उभी धरायची, खालून उजेड दिसला की बाद. कढया सगळ्या बाद, त्यांचं बूड गोल. कुकर पास. लक्ष्मीपुरीतून आणलेली दोन पातेली पास, एक नापास, त्याच्या बुडाला पोचा होता. बूड टेकलं नाही की मधे हवा राहते, काच नुसती तापत बसते आणि रस्सा काही उकळत नाही. अॅल्युमिनियमचं भांडं सपाट असलं तरी घासत सरकवलं की काचेवर चंदेरी ओरखडे उठतात, ते सहजी जात नाहीत. आणि मोठं पातेलं बर्नरच्या कडेबाहेर फार आलं की गरमी खाली कोंडते. पाहुण्यांच्या तांबड्या रश्श्याचं पातेलं आम्ही म्हणूनच अजून गॅसवर चढवतो.

भांडं सरकवायचं नाही, उचलायचं. खाली रव्याचा किंवा मिठाचा एक कण असला तरी चरा पडतो. ही काच तापून गार झाली तरी जवळजवळ फुगत-आकसत नाही, म्हणून गरम असताना पाणी सांडलं तरी तडकत नाही. पण वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी पडली तर तडकते. त्या फळीवरच्या बरण्या आम्ही हलवल्या. तडा गेलाच तर वापर बंद, एमसीबी खाली, कारण त्या फटीतून उतू गेलेलं दूध थेट कॉइलपर्यंत पोचतं.

पांढऱ्या रश्श्याने मला या रेंजची चाल शिकवली. नारळाचं दूध घातल्यावर जोराची उकळी आली की तो फाटतो. गॅसवर आच कमी केली की लगेच कमी होते. इथे बटण कमी केलं तरी काच आपल्या जुन्या गरमीवर चालत राहते. म्हणून पातेलं उचलून शेजारच्या गार बर्नरवर ठेवायचं, आणि पहिला बर्नर खाली आला की परत आणायचं. उलट भात, आमटी, दूध आटवणं, यात हीच चाल कामाला येते. शिजायच्या थोडं आधी बंद करायचं, उरलेलं काच करते.

भाकरीवर मात्र घरात दोन पक्ष आहेत. जाड, सपाट बुडाचा तवा घेतला, एक बाजू पाणी लावून, दुसरी उलटून, आणि शेवटी कडा फडक्याने दाबत फिरवली की टम्म फुगते. आत्या म्हणतात, “फुगली व्हय, पण जाळाची न्हाई लागली.” तेही खरंच आहे.

संक्रांतीला तिळाच्या लाडवांचा पाक उतू आला. चिक्कीचा गूळ, फेस वर आला आणि काचेवर ओघळला. जाऊबाईंनी पातेलं उचललं, बर्नर बंद केला, आणि गार व्हायची वाट न बघता हातात जाड मोजा घालून पात्याच्या खरवडणीने तो गूळ गरम असतानाच गार बाजूला ओढून काढला. पातं आडवं, काचेला जेमतेम तिरकं. तपकिरी पापुद्रा गुंडाळत येत होता. दूध, तेल, हळद यांचे डाग गार झाल्यावर निघतात, साखर आणि गूळ यांना थांबायला वेळ नाही. गार होताना पाक आकसतो आणि काचेला चिकटून तिचे टवके उपटतो. गुळाच्या गावात हे आधी सांगायला हवं.

बाकीची सफाई रोजची. पूर्ण गार झाली की ओलं फडकं, डाग असेल तर खायचा सोडा आणि थोडं व्हिनेगर, मग कोरडं फडकं. तारेची घासणी आणि भांड्याची पावडर ओट्याच्या त्या बाजूला फिरकू द्यायची नाही. ओव्हनच्या तळाला फॉइल अंथरायची नाही, गरमी कोंडून तळाचा मुलामा खराब होतो. गळणाऱ्या पदार्थाखाली ट्रे ठेवावा. दाराभोवतीची पट्टी घासायची नाही, नुसती पुसायची. दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत रांग लावायची वेळ मात्र आता येत नाही.

चकल्यांचं एक सांगायचं राहिलं. तेल धुरायला लागलं तर गॅसवर आपण जाळ बंद करतो आणि तेल तिथेच थांबतं. इथे बटण बंद केल्यावरही काच त्याला तापवतच असते. म्हणून तळताना भांड्याच्या मापाचं सपाट झाकण शेजारी असतंच. पेट घेतला तर बटण बंद, झाकण कडेने सरकवून वर, आणि भांडं पूर्ण गार होईपर्यंत ते उचलून बघायचं नाही. पाणी नाही आणि पेटलेलं भांडं उचलून मोरीकडे पळणं तर नाहीच. ओव्हनच्या आत पेटलं तर दार उघडायचं नाही, बंद करून गप्प बसायचं. एमसीबी दाराशी असल्याचं मोल इथे कळतं.

तीन फेजची एक गंमत आहे. एखादा फेज गेला की पुढचे दोन बर्नर मरतात आणि ओव्हन चालू असतो, किंवा उलट. शेजारीण विचारते, तुमच्याकडे लाइट आहे का? आम्ही विचारतो, कुठल्या चुलीवरची? पण न्यूट्रल ढिला पडला तर गंमत नसते. तेव्हा एखाद्या फेजवरच्या वस्तूंना २३० ऐवजी त्याहून बरंच जास्त व्होल्टेज मिळू शकतं. म्हणून अण्णांनी व्होल्टेज चढलं-उतरलं की सगळं तोडणारं एक यंत्र मेन बोर्डात घातलं, आणि दर वर्षी मृगाच्या आधी येऊन मागच्या त्या पितळी स्क्रूंना पुन्हा एक पीळ देतात. तापून गार, तापून गार होताना स्क्रू ढिले पडतात आणि ढिला जोड म्हणजे ठिणगी. उंदरांनी केबल कुरतडली नाही ना, तेही तेव्हाच बघतात. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा मी दाबते. ते दाबल्यावर तो पडलाच पाहिजे.

पुराचं पाणी आमच्याकडे येत नाही, पण नणंद कुंभार गल्लीजवळ राहते. २०१९ आणि २०२१ चा पूर तिने माडीवरून बघितला. ती अशी रेंज घ्यायची म्हणते तेव्हा अण्णांचं उत्तर ठरलेलं आहे: वरच्या मजल्यावर बसवा. आणि खाली बसवून पाण्यात गेलीच, तर वरून वाळलेली दिसली तरी मेगर लावल्याशिवाय चालू करू नका.

बिलाचंही सांगते, कारण सगळे तेच विचारतात. २.२ किलोवॅटचा बर्नर अर्धा तास सतत पेटला तर एक युनिटहून थोडं जास्त होतं. प्रत्यक्षात कॉइल अधूनमधून आपोआप विझते, त्यामुळे कमी. पण घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि १०० ते ३०० च्या टप्प्यातून आम्ही रेंज आल्यावर ३०० च्या पुढे गेलो. तेव्हापासून ओव्हन लावायचा दिवस रविवार. शेंगदाणे, रवा, सुकं खोबरं, मुलांचा केक, सगळं एकामागून एक, एकाच तापलेल्या ओव्हनमध्ये. दोन बर्नरची गॅसची शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आहेच. वांगं तिच्यावरच भाजतो.